किल्ल्या कोणाकडे आहेत?

वार्षिक सर्वसाधारण सभेची वेळ सकाळी दहाची होती. दहा वाजता सभागृहात सातजण होते, त्यातले तीन कार्यकारिणीचेच. सव्वादहाला आणखी दोघे आले. एकजण चप्पल बाहेर काढावी की पिशवीत घालून आत न्यावी या विचारात दारातच रेंगाळला. साडेदहाला सचिव उभे राहिले आणि मराठी माणसाच्या बहुतेक संस्थांत दरवर्षी वाचलं जाणारं ते वाक्य त्यांनी वाचलं : गणसंख्येअभावी सभा तहकूब करण्यात येत असून ती अर्ध्या तासानं याच ठिकाणी भरेल व त्या सभेस गणसंख्येचं बंधन राहणार नाही. मग सगळ्यांनी उप्पीट खाल्लं, कॉफी घेतली. अकरा वाजता बारा माणसांनी चारशे सभासदांच्या वतीनं हिशोब मंजूर केले, जुनीच कार्यकारिणी एकमतानं पुन्हा निवडून दिली आणि उपस्थित पाहुण्यांचे आभार मानले. पाहुणे कोणी आलेच नव्हते.

संस्था कोणती ते सांगत नाही. त्या बारांमध्ये मीही होतो आणि हात वर करणाऱ्यांत माझाही हात होता, एवढं कबूल करतो.

परराज्यात राहून मंडळं, वाचनालयं, वसतिगृहं, रुग्णसेवेची छोटी केंद्रं चालवणाऱ्या मराठी कार्यकर्त्यांसाठी ही पुस्तिका तयार झाली आहे. तिच्यात नोंदणी कशी करावी, पावतीपुस्तकं कशी ठेवावीत, देणगीदाराला वर्षअखेर काय पाठवावं, असा रोखठोक मजकूर आहे. संपादकांनी मला प्रस्तावना लिहायला सांगितली तेव्हा मी म्हटलं, मी काही या विषयातला जाणकार नाही, चामराजपेटेत राहणारा एक निवृत्त माणूस आहे. ते म्हणाले, मग चामराजपेटेतूनच लिहा. हे मात्र मला पटलं. सकाळच्या फिरण्याच्या टप्प्यात, फार तर रिक्षाच्या कमीत कमी भाड्यात, संस्था चालवण्याच्या इतक्या तऱ्हा मला दुसऱ्या कुठल्या वस्तीत पाहायला मिळालेल्या नाहीत.

चामराजपेटेतलं पेट म्हणजे आपली पेठच. जुन्या बेंगळुरूची पेठ दाटली तेव्हा किल्ल्याच्या पश्चिमेला १८९२ मध्ये ही आखीव वस्ती वसवली गेली आणि म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वडियार यांचं नाव तिला मिळालं. सरळ रस्ते, त्यांना छेदणारे आडरस्ते, घरापुढे ओसरी, मागे विहीर. सहा वर्षांनी, १८९८ मध्ये, शहरात प्लेग आला आणि मोकळ्या हवेतल्या अशा वस्त्यांचं मोल लोकांना कळलं. मराठी माणसाला बेंगळुरू म्हटलं की शहाजीराजांची जहागीर आठवते, गवीपुरमला गेला तर मराठा समाजाचा गोसाई मठ दिसतो. मला या वस्तीतलं सगळ्यांत जवळचं वाटतं ते मात्र वारान्न.

आपल्याकडे गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. इथेही तेच, फक्त शब्द वारान्न. जुन्या बेंगळुरूत खेड्यातून शिकायला आलेली किती पोरं असल्या घरांमधून जेवून पदवीधर झाली याची नोंद कुठल्याच वहीत नाही, कारण वहीच नव्हती. अध्यक्ष नव्हता, घटना नव्हती, ताळेबंद नव्हता. गुरुवारच्या घरची बाई आजारी पडली तर मुलगा उपाशी राही, एवढाच त्या व्यवस्थेतला धोका. तो धोका नको म्हणून वसतिगृह निघालं, वसतिगृहासाठी समिती आली, समितीसाठी अध्यक्ष आला. पुण्यात १९०९ मध्ये अनाथ विद्यार्थी गृह निघालं, तेही माधुकरी मागून शिकणाऱ्या मुलांसाठीच. सेवा घरातून संस्थेत आली ती टिकावी म्हणून. आणि टिकवण्याची जबाबदारी ज्या खुर्चीवर टाकली, तीच पुढे बहुतेक संस्थांची दुखरी जागा झाली.

या पुस्तिकेतल्या अकरा प्रकरणांपैकी दहा सेवा कशी करावी याबद्दल आहेत आणि एकच प्रकरण पदाधिकारी कसे बदलावेत याबद्दल. मला विचाराल तर प्रमाण उलटं हवं होतं. सेवा आपल्या लोकांना करता येते. पद सोडता येत नाही.

चामराजपेटेतल्या पंप महाकवी रस्त्यावर कन्नड साहित्य परिषदेची इमारत आहे. ५ मे १९१५ रोजी परिषद स्थापन झाली. म्हैसूरचे महाराज नाल्वडी कृष्णराज वडियार आणि त्यांचे दिवाण सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा तिला पाठिंबा होता आणि एच. व्ही. नंजुंडय्या पहिले अध्यक्ष झाले. पुण्याची महाराष्ट्र साहित्य परिषद १९०६ ची, म्हणजे ही तिची नऊ वर्षांनी धाकटी बहीण. सुरुवातीच्या काळात परिषदेनं एक शहाणपणाची सोय लावून घेतली होती. अध्यक्षपदी राजघराण्यातली किंवा दरबारातली मोठी व्यक्ती असे, आणि काम उपाध्यक्ष ओढी. डी. व्ही. गुंडप्पा, कन्नड वाचकांचे डीव्हीजी, हे असेच उपाध्यक्ष, नंतर बी. एम. श्रीकंठय्या. मानाची खुर्ची वेगळी, कामाची वेगळी. आज आपण या प्रकाराला शोभेचं अध्यक्षपद म्हणून हसतो. पण त्यात एक फायदा होता : ज्याला मान हवा त्याला मान मिळे, आणि ज्याला काम करायचं त्याच्या वाटेत तो येत नसे. आपल्या मंडळांत या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला हव्या असतात, किंवा नेमकी एकच हवी असते आणि ती काम नसते.

परिषदेचे एक अध्यक्ष मला नेहमी आठवतात : जी. वेंकटसुब्बय्या. १९६४ मध्ये, पन्नाशी नुकतीच ओलांडल्यावर, ते अध्यक्ष झाले, तोवरच्या सगळ्या अध्यक्षांत वयानं लहान. १९६९ मध्ये मुदत संपली आणि त्यांनी खुर्ची सोडली. पुढे परिषदेच्याच कन्नड कोशाचं काम त्यांनी मुख्य संपादक म्हणून तडीस नेलं. आठ खंडांचा हा कोश पुरा व्हायला अर्धं शतक लागलं. २०२१ मध्ये वयाच्या १०७ व्या वर्षी ते गेले. अध्यक्ष म्हणून त्यांनी काय केलं हे सांगायला इथल्या लोकांना जरा आठवावं लागतं. कोश मात्र कुणालाही माहीत असतो. माजी अध्यक्षाला संस्थेत बसायला टेबल आहे, त्या टेबलावर काम आहे आणि नव्या अध्यक्षाच्या कारभारात नाक खुपसायचं त्याला कारण नाही, ही व्यवस्था एखाद्या संस्थेला जमली तर तिचे निम्मे तंटे मिटतात. माझ्या पाहण्यातले बहुतेक माजी अध्यक्ष दोनच गोष्टी करतात : एक तर संस्थेचा उंबरठा ओलांडत नाहीत, नाही तर रोज ओलांडतात.

परिषदेची आजची घडी अगदी वेगळी आहे. राज्यभर पसरलेले आजीव सभासद मतदान करून अध्यक्ष निवडतात. २०२१ च्या निवडणुकीत मतदारांची संख्या तीन लाखांवर होती. एखाद्या लोकसभेच्या उमेदवारासारखा प्रचार, गावोगावचे दौरे, जातीची आणि जिल्ह्याची गणितं, सगळं आलं. मुदत तीन वर्षांची होती ती पाच वर्षांची झाली. घटनादुरुस्त्यांवरून वाद झाले, वर्तमानपत्रांतून गाजले. आणि एवढ्या मोठ्या मतदारसंघानं शंभर वर्षांत एकाही बाईला अध्यक्षपदी बसवलं नाही. त्याच परिषदेच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद मात्र १९७४ मध्ये, मंड्यात, जयदेवीताई लिगाडे यांना मिळालं. लिगाडे सोलापूरच्या, बसवण्णांची वचनं मराठीत आणणाऱ्या. तीन दिवसांचा मान बाईला देता येतो, पाच वर्षांच्या किल्ल्या देता येत नाहीत. हसू नका, आपल्या मंडळातही महिला विभागाच्या प्रमुख बाईच असतात. हळदीकुंकू, दिवाळी फराळ, गौरीची सजावट यांचा पै-पैचा हिशोब त्यांच्याकडे असतो, आणि खजिनदार मात्र पुरुष असतो.

मराठीतली गोष्ट याच्या नेमकी उलट. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष पूर्वी हजाराच्या आसपास मतदार निवडत. त्या मतपत्रिकांवरून काय काय व्हायचं ते साहित्यवर्तुळातल्या कुणालाही विचारा. २०१८ मध्ये साहित्य महामंडळानं घटना बदलली, निवडणूक बंद केली, आणि यवतमाळच्या संमेलनासाठी अरुणा ढेरे एकमतानं अध्यक्ष झाल्या. महामंडळाचं कार्यालयही तीन-तीन वर्षांनी पुणे, मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर असं फिरतं. खुर्ची एका शहरात रुतू नये म्हणून शोधलेली ही युक्ती मला फार आवडते. तिचा तोटाही आहे; दर तीन वर्षांनी कपाटं गाडीत घालायची आणि पुढच्या गावी फाइली नव्यानं लावत बसायचं. पण तीन लाख मतदारांनी निवडलेला अध्यक्ष आणि दहा-पंधरा जणांनी बंद खोलीत ठरवलेला अध्यक्ष, यातला कोण संस्थेला जास्त जबाबदार, या प्रश्नाचं उत्तर मला चामराजपेटेत बसून सापडलेलं नाही. निवडणूक झाली की हरलेला गट तयार होतो. निवडणूक टाळली की ज्यांना कुणी विचारलं नाही असा गट तयार होतो.

परिषदेपासून चालत जावं तर फोर्ट हायस्कूलचं मैदान लागतं. रामनवमीच्या सुमारास तिथे मांडव पडतो आणि श्रीराम सेवा मंडळीचा संगीतोत्सव आठवडेच्या आठवडे चालतो. एस. व्ही. नारायणस्वामी राव यांनी १९३९ मध्ये तो सुरू केला. एम. एस. सुब्बुलक्ष्मी इथे गायल्या आहेत. मांडवाबाहेर गुळाचं पानक आणि कोसंबरी मिळते. कोसंबरी म्हणजे भिजवलेली मूगडाळ, काकडी, ओलं खोबरं, वरून फोडणी. आपल्या कोशिंबिरीशी तिचं नातं नावातच आहे. सांगायचा मुद्दा खाण्याचा नाही, पण मांडवातला पहिला तास माझा तिथेच जातो. मुद्दा असा की संस्थापकानं सुरू केलेलं काम पुढे त्याच्या घरच्यांनी चालवलं. इथे मतदार नाहीत, दौरे नाहीत, हरलेला गट नाही. घराणेशाही म्हणून नाक मुरडावं तर मुरडा. पण कोणत्या गायकाला किती वाजता कॉफी लागते, मांडवाचा कंत्राटदार कधी अडून बसतो, कुठल्या देणगीदाराचं नाव पत्रिकेवर कितव्या ओळीत हवं, हे ज्ञान घरात मुरलेलं असतं आणि कुठल्याही घटनेत लिहिता येत नाही. धोकाही तिथेच आहे. ज्या पिढीला गाण्याचं वेड नसेल त्या पिढीत काय, याचं उत्तर घराकडे नसतं.

याच भागातल्या मक्कळ कूटाची, मुलांच्या मंडळाची, गोष्ट तिसरीच. आर. कल्याणम्मा या बालविधवा होत्या; ‘सरस्वती’ नावाचं मासिक त्यांनी चाळीसहून अधिक वर्षं चालवलं आणि मुलांसाठी ही संस्था काढली. चौकाला संस्थेचं नाव पडलं. आज बसचे वाहक ते नाव ओरडतात, आणि चढणाऱ्यांतल्या फार थोड्यांना ते एका बाईच्या कष्टांतून आलंय हे ठाऊक असतं. याहून मोठं स्मारक मला सुचत नाही.

आता आपल्या माणसाकडे येतो. गुहागर तालुक्यातल्या कोतळूकला जन्मलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या नावाची एक संस्था चामराजपेटेच्या शेजारी, एन. आर. कॉलनीत, उभी आहे, आणि ती मराठी माणसानं काढलेली नाही. गोखले १९ फेब्रुवारी १९१५ रोजी गेले. त्याच वर्षी मे महिन्यात, कन्नड साहित्य परिषद स्थापन झाल्यावर दोन-तीन दिवसांनी, गांधीजी बेंगळुरूला आले आणि गोखल्यांच्या तसबिरीचं अनावरण त्यांनी केलं. त्या कार्यक्रमामागे डीव्हीजी होते. तीस वर्षांनी, १९४५ मध्ये, याच डीव्हीजींनी गोखले सार्वजनिक विचार संस्था स्थापन केली. उतारवयात सत्कारात मिळालेली थैलीसुद्धा त्यांनी तिलाच दिली. मंत्र्यांना खरमरीत लिहिणारा हा पत्रकार एका परप्रांतीय माणसाच्या नावानं संस्था काढतो, यात गोखल्यांची उंची दिसते तशी डीव्हीजींचीही.

खुद्द गोखल्यांच्या संस्थेचं काय झालं? १२ जून १९०५ रोजी पुण्यात त्यांनी भारत सेवक समाज काढला. सभासद थोडे, निवडक, आयुष्य वाहून घेतलेले. शपथ घेऊन, तुटपुंज्या वेतनावर. गोखले गेल्यावर समाज मोडला नाही. अध्यक्षपद व्ही. एस. श्रीनिवास शास्त्रींकडे गेलं, कुंभकोणम परिसरातल्या एका तमिळ शिक्षकाकडे. पुण्यातल्या संस्थेचा दुसरा प्रमुख मराठी नसावा, हे १९१५ मध्ये घडलं हे लक्षात घ्या. संस्थापकानं दुसरी फळी हयातीतच उभी केली होती, हा त्याचा अर्थ. १९२७ मध्ये शास्त्री दक्षिण आफ्रिकेत गेले, अध्यक्ष गो. कृ. देवधर झाले. इथपर्यंत सगळं गोखल्यांच्या मनासारखं. मग १९३६ मध्ये पंडित हृदयनाथ कुंझरू अध्यक्ष झाले आणि १९७८ मध्ये मृत्यूपर्यंत राहिले. बेचाळीस वर्षं. कुंझरूंच्या सचोटीवर कुणी बोट ठेवणार नाही. भारतरत्नसुद्धा त्यांनी नाकारलं. पण इतकी वर्षं एका माणसानं, कितीही थोर असला तरी, खुर्ची सांभाळली की संस्था त्याच्याबरोबर म्हातारी होते. आयुष्य वाहून घेणारे नवे सभासद आटत गेले. आणि त्याच समाजाच्या छत्राखाली १९३० मध्ये पुण्यात निघालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत कुलगुरूंच्या नेमणुकीचा वाद २०२४ मध्ये उच्च न्यायालयात गेलेला आपण वाचला. गोखल्यांनी माणसं निवडण्याची रीत घालून दिली होती. माणसांनी जावं कधी, याची रीत त्यांनी घालून दिली नव्हती. त्यांना स्वतःलाच एकोणपन्नासाव्या वर्षी जावं लागलं.

वर म्हटलेल्या दहा प्रकरणांबद्दल थोडं. कायद्याचा भाग संपादकांनी नीट लिहिला आहे, मी दोनच गोष्टी जोडतो. महाराष्ट्रात विश्वस्त बदलले की सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम २२ खाली नव्वद दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज, म्हणजे बोलीतला चेंज रिपोर्ट, द्यावा लागतो. कर्नाटकात अशा संस्थांसाठी धर्मादाय आयुक्त नाहीत. संस्था १९६० च्या कायद्याखाली सहकार खात्यातल्या निबंधकाकडे नोंदलेली असते आणि कार्यकारिणीची यादी दरवर्षी तिथे द्यावी लागते. पुण्याहून येऊन इथे मंडळाचे सचिव झालेले लोक हा फरक तीन-चार वर्षांनी शिकतात, तोवर दंड साचलेला असतो. दुसरी गोष्ट : निबंधकाच्या कार्यालयात काम कन्नडमध्ये चालतं. कार्यकारिणीत कन्नड वाचता-लिहिता येणारं एक तरी माणूस घ्या. मराठी बाण्याचा यात काही प्रश्न नाही.

मोठ्या संस्थांपुढचे प्रश्न वेगळे : परदेशी देणगी घेणाऱ्यांना २०२० च्या दुरुस्तीनं प्रशासकीय खर्च वीस टक्क्यांत बसवायला लावला, आणि कंपन्यांचा सामाजिक निधी आला की पाठोपाठ त्यांचे तक्तेही आले. त्याबद्दल पुस्तिकेत भरपूर आहे. मला सांगायची आहे ती यापेक्षा फार छोटी गोष्ट.

ज्या संस्थेच्या सभेपासून सुरुवात केली, तिचं एक छोटं विद्यार्थी वसतिगृह होतं. त्या सभेनंतर तिसऱ्या महिन्यात खजिनदार अचानक वारले. भला माणूस, बावीस वर्षं एका पैशाची अफरातफर नाही. बँकेच्या खात्यावर दोघांच्या सह्या लागत. एक त्यांची. दुसरी ज्यांची होती ते मुलाकडे पुण्याला कायमचे राहायला गेलेले, आणि त्यांची सही बदलायची असं चार वर्षं इतिवृत्तात लिहिलं जात होतं. कपाटाची किल्ली सापडेना. कुलूप तोडावं तर कुलूप तोडायचा ठराव करायला कार्यकारिणीची गणसंख्या पुरेना. तेरावा झाल्यावर त्यांच्या सुनेनं देवघरातल्या कुंकवाच्या डबीखाली ठेवलेली किल्ली आणून दिली. कपाटात पावतीपुस्तकं वर्षवार, दोरीनं बांधून, वर पेन्सिलनं आकडे लिहिलेली. इतकी नीटस वही मी कुठल्या बँकेत पाहिली नाही. पण खातं पाच महिने गोठलेलं होतं. त्या पाच महिन्यांत स्वयंपाकीणबाईंचा पगार, गॅस, तांदूळ आम्ही चौघांनी खिशातून भागवलं. अकरा मुलं होती. त्यातल्या एकानं मला विचारलं, काका, वसतिगृह बंद होणार का? मी नाही म्हटलं, पण खात्रीनं नाही म्हटलं नव्हतं.

त्या बारा जणांच्या सभेत, उप्पीट खाता खाता, फक्त दुसऱ्या सहीचा विषय कुणी काढला असता तर हे झालं नसतं. मी काढू शकलो असतो. काढला नाही, कारण वयानं मोठ्या माणसाला किल्ली मागणं बरं दिसत नाही.

पुस्तिकेच्या शेवटी चार पानं कोरी ठेवायची विनंती मी संपादकांना केली आणि त्यांनी ती मानली. वाचकहो, बाकीचं पुढे सवडीनं वाचा. आधी त्या पानांवर तुमच्या संस्थेच्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे, दुसरी कोणाकडे आहे, बँकेत सह्या कोणाच्या आहेत, घटनेची मूळ प्रत कुठल्या कपाटात आहे आणि अध्यक्षांची मुदत कोणत्या तारखेला संपते, एवढं लिहा. पेननं लिहा, तारीख घाला, आणि ते पान येत्या सभेत गणसंख्या असो वा नसो, मोठ्यानं वाचून दाखवा.

चामराजपेट, बेंगळुरू